नालीतलं मेण

आमच्या घरी येणाऱ्याला आधी मेणाचा वास यायचा आणि मग आम्ही दिसायचो. वास तसा वाईट नव्हता. तापलेलं मेण, काजळी, करपलेली वात आणि धुण्याचा सोडा यांचा मिळून झालेला उबट, जरासा चिकट वास. तो सपरीतून, म्हणजे पुढच्या पडवीतून, आत यायचा, गोधड्यांत बसायचा, माझ्या केसांत बसायचा आणि जेवताना ताटातही असायचा. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कधी अंबाडीची भाजी, एवढंच जेवण. पण पहिल्या घासाला आधी मेण लागायचं आणि मग जवस. कॉलेजात माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीनं एकदा विचारलं होतं, "तुझ्या घरी रोज पूजा असते का गं?" मी म्हणाले, असते. ते अगदीच खोटं नव्हतं. पूजा दुसऱ्यांची होती आणि ती आटोपली की उरलेलं सगळं आमच्या घरी यायचं.

उरलेलं म्हणजे ग्लास. शहरातल्या एका मिशनच्या आवारात छोटी प्रार्थनेची जागा होती आणि मागे त्यांचं कब्रस्तान. तिथं लोक मेणबत्त्या लावायचे त्या उघड्या नाही, काचेच्या जाड बुडाच्या ग्लासांत, म्हणजे वारा लागत नाही आणि मेण खाली सांडत नाही. मेण जळत जळत बुडापर्यंत यायचं आणि वात पडायची. बुडाशी बोटभर मेण, आत काळी वात, वर काजळी, कधी एखादा भाजलेला पतंग, कधी झेंडूची पाकळी. असे ग्लास पोत्यात गवत घालून आमच्याकडे यायचे. माय ते साफ करायची. स्वच्छ ग्लास वेगळे आणि निघालेलं मेण वेगळं, असं दोन्ही परत जायचं. तिकडे ते मेण वितळवून, नवी वात घालून पुन्हा त्याच ग्लासांत ओतायचे.

हे काम मायला मिळालं ते तिच्या हाताच्या गुणानं. ती आधी रेजा होती, म्हणजे डोक्यावर विटा-चुना वाहायची. मिशनच्या शाळेचं बांधकाम चालू असताना खिडक्यांच्या काचांवर चुना उडाला होता. तो कोणाला निघत नव्हता आणि मायनं तो काचेवर एकही ओरखडा न पाडता काढला. तिथल्या सिस्टरनं ते पाहिलं. सिस्टर दक्षिणेकडच्या, हिंदी त्यांची तिकडच्या वळणाची. म्हणाल्या, "बाई, हमारा ग्लास भी ऐसा करेगा?" माय म्हणाली, "करीन ना." मेण कसं काढतात हे तिला तेव्हा काही माहीत नव्हतं. घरी आली आणि पहिल्याच दिवशी तिनं थंडगार ग्लास उकळत्या पाण्यात सोडले. तडातडा तडकले. तिनं तुकडे वेचले, कपाळावर हात मारला आणि पुन्हा बसली. मग तिचं तिनंच शोधून काढलं. ग्लास आधी उन्हात ठेवायचे. मग कोमट पाण्यात, मग जरा जास्त गरम पाण्यात, आणि शेवटी चुलीवरच्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, बुडाशी जुनं फडकं अंथरून. मेण कडेनं सुटायचं, पाण्यावर यायचं. ग्लास फडक्यानं धरून काढायचे, सायकलच्या तारेनं वातीची पत्र्याची टिकली उचकटायची, वर्तमानपत्रानं आतून पुसायचं आणि शेवटी सोड्याच्या कढत पाण्यात घोळायचे. सोड्याशिवाय काचेवरचा तो धुरकट पापुद्रा जात नाही. गंजातलं पाणी निवलं की वर मेणाची पोळी धरायची. माय ती दोन्ही हातांनी उचलायची, जशी आपण पुरणपोळी तव्यावरून उचलतो तशी, आणि उजेडात धरून बघायची.

दिवसभर सपरीत काच काचेला लागल्याचा आवाज. मी त्या आवाजात अभ्यास केला. अर्थशास्त्राच्या पुस्तकाची पानं मी मेणकट बोटांनी उलटली आहेत, आणि ती पानं पावसात भिजली तरी फुगली नाहीत. हे मी हसून सांगते, पण एक गोष्ट हसून सांगता येत नाही. माझं कॉलेज त्या ग्लासांवर उभं होतं. बाबांची गिरणीतली नोकरी छातीच्या खोकल्यानं गेली होती, ते लाकडं कापायच्या एका आरामशीनवर राखण करत. त्यांच्या पगारात आमचं पोट भरायचं. कॉलेज मायच्या कामातून. हे घरात तिघांनाही माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. माझ्या आधीची दोन भावंडं लहानपणीच गेली, मागून कोणी आलं नाही. जे काही शिकायचं होतं ते मीच शिकायचं होतं.

बाबांबद्दल आता लिहिते. आमचं घर धम्म स्वीकारलेलं. बाबांनी तरुणपणी दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी गाव सोडलं. गाव रामटेककडचं, धानाचं. तिथं मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम आमच्या घराण्याकडे होतं. आजोबांनी ते जन्मभर केलं. बाबांनी एकदा नाही म्हटलं, मग गावानं विहीर बंद केली, दळण बंद केलं, पण बाबांनी हो म्हटलं नाही. नागपूरला आले. इथं बस्तीतल्या विहारात पौर्णिमेला वंदना तेच घ्यायचे. आवाज भरदार, खोकला असूनही. वंदना झाली की दोन शब्द बोलायचे आणि त्यातलं एक वाक्य कधी चुकलं नाही: "ज्या दिवशी दुसऱ्याच्या घाणीतून हात काढला, त्या दिवशी आपण माणूस झालो." लहान पोरंसुद्धा त्यांच्या आधी ते वाक्य पुटपुटायची.

मायच्या कामाकडे ते पाठ करून बसायचे. अगदी खरोखरची पाठ. सपरीत ग्लास असले की ते आत, भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचे. माय त्यांच्या पाठीला उद्देशून म्हणायची, "आवो, भिंत काय म्हणते?" ते म्हणायचे, "भिंत म्हणते, घरात जागा नाही राहिली."

माझी नात परवा काचेच्या बरणीतली मेणबत्ती घेऊन आली. लव्हेंडरचा वास, वर सोनेरी झाकण. जळून संपली होती. बरणी सुंदर आहे, तिला तीत मेथीदाणे ठेवायचे आहेत, म्हणून मला विचारत होती, आजी, हे मेण कसं काढायचं? मी सांगितलं. आधी कोमट, मग गरम. तिनं करून पाहिलं, निघालं. "वा, तुला कसं माहीत?" मग ती ते पाणी बेसिनमध्ये ओतायला निघाली आणि मी इतक्या जोरात ओरडले की ती घाबरून उभी राहिली. सून आतून धावत आली. मला त्यांना काही सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ख्रिस्ती लोक आपल्या मेलेल्या माणसांचा दिवस पाळतात. त्या संध्याकाळी सगळं कब्रस्तान मेणबत्त्यांनी भरतं. वर्षाचं मोठं काम तेच. दुसऱ्या दिवसापासून हातगाडीवर पोती यायला लागायची आणि सपरी, अंगण, बाजेखालची जागा सगळी भरायची. त्या वर्षी सिस्टरनी सांगून ठेवलं होतं, "बाई, क्रिसमस के लिए एकदम चमकना चाहिए." माय म्हणाली चमकतील. तिनं सोडा दुप्पट केला. पाणी जास्त कढत केलं. मेणाची पोळी ती नेहमीसारखी उचलून घ्यायचीच, एक चिमूट वाया जाऊ द्यायची नाही. पण शेवटचं सोड्याचं पाणी, दुधासारखं पांढुरकं, ते गरम गरमच नालीत जायचं. त्यात काही असेल असं कोणाला वाटलं नाही. पाणीच तर होतं. गरम पाणी ओतलं की नाली उलट साफ होते, असंच बस्तीत सगळे समजायचे. शेजारच्या कमलाबाई तर म्हणायच्या, "ओत बाई ओत, तुह्या पाण्यानं डास मरतात."

आमच्या गल्लीची नाली उघडी होती, पण शेवटी ती रस्त्याखालून जायची, वर दगडी फरश्या. त्या फरश्यांखाली ऊन पोचायचं नाही. सोड्यात विरघळलेलं मेण तिथं थंडीत निवायचं आणि कडेला धरायचं. वर्षानुवर्षं धरत आलं होतं, आणि त्या महिन्यात भराभर. हे आम्हांला नंतर कळलं.

मग थंडीतला पाऊस आला. नागपूरकरांना तो ठाऊक आहे, हरभरा फुलावर असताना येतो, गारा घेऊन. पहाटेपासून धो धो. उजाडलं तेव्हा नाली उलटी वाहत होती. गल्लीच्या उताराला सगळ्यांत खाली कमलाबाईंचं घर. त्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती. नालीचं काळं पाणी त्यांच्या उंबऱ्यावरून आत गेलं, चुलीत गेलं, बाळंतिणीच्या बाजेखाली गेलं. सून बाळाला घेऊन लोखंडी पेटीवर उभी होती, भिंतीला पाठ लावून, आणि बाळ रडत नव्हतं, नुसतं बघत होतं. कमलाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ओरडत होत्या. तोवर कोणावर ओरडायचं हे त्यांचं ठरलेलं नव्हतं, म्हणून त्या महापालिकेवर, पावसावर, मुलावर, सगळ्यांवर ओरडत होत्या.

पाऊस थांबल्यावर बस्तीतल्या पुरुषांनी पहारी लावून फरशी उचलली. सगळे वाकून पाहू लागले. खाली पाणी नव्हतंच जणू. पांढरं, राखाडी, थरावर थर, त्यात केस, चिंध्या, राख रुतलेली. एक पोरगं ओरडलं, "लोणी! लोणी हाये!" आणि लोक हसले. मग कोणीतरी बोटानं थोडं उकरलं, वास घेतला आणि हसणं थांबलं. तो वास गल्लीत सगळ्यांना माहीत होता. मी पाहिलं, एकेक मान आमच्या दाराकडे वळली.

"आवं सुमनची माय!" कमलाबाई म्हणाल्या. आवाज आता अजिबात मोठा नव्हता. "बाहेर ये वं. पाह्य काय शिजवलं तू आमच्यासाठी."

माय बाहेर आली. वाकून पाहिलं. तिचा चेहरा मी विसरत नाही; तिला लाज वाटण्याआधी नवल वाटलं होतं. "आरं बाप्पा," ती म्हणाली, "मी तं सगळं काढून घेत होती." मग घाईनं म्हणाली, "गरम पाणी टाकून पाहू का? गंज चुलीवरच हाये."

"त्यानंच तं झालं," बाबा म्हणाले. ते मागे उभे होते. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात सफाई करणारा बाबूलाल आला, कमलाबाईंच्या मुलानं त्याला बोलावून आणलं होतं. बाबूलाल पलीकडच्या मेहतर वस्तीतला, आमच्या भागातल्या नाल्या त्याच्याकडेच. त्यानं पाहिलं आणि शिट्टी वाजवली. "ये तो मोम है, भैया. घी जैसा जम गया. अंदर उतरना पड़ेगा." आणि तो सदरा काढायला लागला.

"उतरू नको, बाबूलाल," बाबा म्हणाले.

"क्यों?"

"माह्या घरचं हाये ते."

"मेरा तो काम है, भैया."

"म्हणूनच नको."

कमलाबाईंचा मुलगा वैतागला. "काहून अडवता गा त्याले? त्याले त्याचा पगार भेटते ना!"

"भेटते म्हणून त्यानं माही घाण काढाची?" बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. विहारात घालायचा तो पांढरा सदरा होता अंगात, तोही काढून दिला. माय म्हणाली, "आवो, तुमची छाती..." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फरशीच्या कडेला हात टेकवून ते खाली उतरले.

ते काम सकाळभर चाललं. रस्त्याखालची जागा इतकी बुटकी की उभं राहता येत नव्हतं. बाबा आधी वाकून फावडं मारत होते, पण फावडं घसरायचं, मेणाला ते लागायचंच नाही. बाबूलाल कडेला उकिडवा बसून सांगत होता. "ऐसे नहीं भैया. लेट जाओ. पेट के बल. हाथ से तोड़ो." बाबा पोटावर झोपले. कंबरेपर्यंत आत गेले. नुसते पाय दिसत होते. आतून खोकल्याचा आवाज यायचा, मग हात बाहेर यायचा, त्यात विटेएवढं ढेकूळ. बाबूलाल ते घ्यायचा आणि टोपल्यात टाकायचा. मी सदरा आणि चष्मा धरून उभी होते. सगळी गल्ली उभी होती. एक म्हातारा मधूनच म्हणत होता, "बास झालं गा, बास झालं आता." मग एकदम आत काहीतरी सुटलं, गडगड असा आवाज झाला आणि सगळं पाणी एका दमात गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

बाबा बाहेर आले ते ओळखू येत नव्हते. बाबूलालनं हात देऊन वर घेतलं आणि चेष्टेनं म्हणाला, "वाह भैया! कल से मेरी छुट्टी, क्या?" तो मनानं चांगला माणूस होता. त्याला वाटलं आपण यांना हलकं करतो आहोत. सगळे हसले. कमलाबाईसुद्धा हसल्या. बाबा नाही हसले.

मायनं अंगणात बाजेला लुगडी बांधून आडोसा केला आणि त्यांना बसवलं. साबणानं मेण निघत नाही. तिनं सोड्याचं पाणी आणलं, ग्लासांचंच, आणि काथ्यानं घासायला लागली. मी पाणी देत होते. घाण गेली, मेण गेलं, खालची कातडी लाल झाली तरी ती घासत होती. जसा ग्लास उजेडात धरून पाहायची तशी त्यांची बोटं एकेक करून पाहत होती, नखांतलं राहिलं का म्हणून. आणि रडत होती, पण हात थांबत नव्हता. बाबा शेवटी म्हणाले, "पुरे."

बस्तीत त्यांचं नाव झालं. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटेल त्यांची नालस्ती झाली. उलट झालं. जो तो म्हणायचा, बाबांनी नुसतं भाषण नाही दिलं, करून दाखवलं. पोरं पाया पडायला यायची. पुढच्या पौर्णिमेला विहारात सगळे थांबले, बाबांनी वंदना घ्यावी म्हणून. ते म्हणाले घसा बसला आहे. दुसऱ्यानं घेतली. त्यानंतर ते गेलेच नाहीत. मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं असं वाटतं. ज्या कामातून बाहेर पडायला त्यांनी गाव सोडलं, तेच काम त्यांनी केलं म्हणून लोक त्यांना मोठं म्हणत होते. त्यांना असं मोठं व्हायचं नव्हतं.

एका संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. ताटात पाटवडीचा रस्सा होता, त्यांच्या आवडीचा. मायनं मुद्दाम केला होता.

"ते पोते उद्या परत पाठव," ते म्हणाले.

"कोणते?"

"सारेच. हे काम बंद."

माय भाकर थापत होती. थापतच राहिली. "आता खड्डा खंदला ना म्या. पाणी आता नालीत जाणार नाही. थेंबभर नाही जाणार."

"नालीचं नाही बोलून राहिलो मी. दुसऱ्याच्या देवासमोरची घाण धुणं हे आपलं काम नोहे."

"घाण नाही ते. मेण हाये."

"मी आतून पाहून आलो ते काय हाये."

मायनं भाकर तव्यावर टाकली. मग म्हणाली, "पोरीचं शेवटचं वर्ष हाये."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी घरी बसली तं मरत नाही."

मला कॉलेजात घालायला हेच बाबा आले होते. इस्त्रीचा सदरा घालून, माझ्या दोन पावलं पुढे, जसं काही त्यांनाच प्रवेश घ्यायचा आहे. मी ताट बाजूला केलं. म्हणाले, "बाबा, मी सोडते कॉलेज. कुठं तरी कामाला..."

"तू चूप बस वं," माय म्हणाली. "तुले कोणी इचारलं नाही." मग बाबांकडे वळली. पिठाचे हात तसेच होते. "रेजा होती तवा डोक्यावर चुना वाह्यला म्या. लोकायच्या घरचा. तवा भिंतीकडं तोंड नाही केलं तुम्ही. हे पोट्टीसाठी हाये. हे मी सोडत नाही."

"मंग या घरात मी राहत नाही."

माय ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गंजातून भात काढला आणि त्यांच्या ताटात वाढला. "भात खा आधी," म्हणाली. ते जेवले. ताट धुऊन ठेवलं. सकाळी पिशवी घेऊन निघाले. गल्लीत सांगितलं, गावाला धानाची चुरणी आहे, भाऊ एकटा पडला आहे. चुरणी म्हणजे मळणी. ती संपली की येतील, असं सगळ्यांना वाटलं. आरामशीनवाल्यानं काही दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस ठेवला.

मायचं काम दुप्पट झालं. सोड्याचं पाणी ती आता मडक्यांत भरून निवू द्यायची, त्यावरची साय काढायची, कापडातून गाळायची आणि मग ती मडकी उचलून गल्लीपलीकडच्या खड्ड्यात नेऊन ओतायची. मी जाऊ म्हटलं तर म्हणायची, "पुस्तक धर." भांडं जड असायचं, तिची कंबर वाकायची. कमलाबाई दारातून बघत असत. बरेच दिवस त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. मग एक दिवस आल्या, मडक्याची दुसरी बाजू धरली आणि म्हणाल्या, "चाल, उचल. तमाशा पाह्यत बसली काय?" त्यांचा नातू तेव्हा रांगायला लागला होता. पण घरात दोनच ताटं मांडली जायची, आणि पाटवडी मायनं त्या वर्षी पुन्हा केली नाही.

मी पास झाले. दुसऱ्या वर्गात, पण पास. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी आजही जिथं जाते तिथं सांगते आणि कोणी तोंड वाकडं केलं तरी सांगते. मायला सांगितलं तेव्हा ती ग्लास पुसत होती. "म्हणजे आता काय झाली तू?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "ग्रॅज्युएट." तिनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. मग म्हणाली, "जा. त्याहिले सांगून ये." जवसाची चटणी डब्यात भरून दिली. स्वतः येते असं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

रामटेकच्या बसनं गेले, पुढे पायी. रणरणतं ऊन होतं. बाबा काकाच्या शेतात बांध नीट करत होते. वाळले होते, दाढी पांढरी झाली होती. मी लांबूनच ओरडले, "बाबा, पास झाली मी! बी.ए. झाली!" त्यांनी कुदळ टाकली. जवळ आले, चष्मा पुसला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून ते कोणाला नीट सांगू शकलेले नाही. मग माझा हात धरून गावात निघाले. घरोघर. "माही पोरगी. बी.ए." आमच्या वस्तीत सगळ्यांना सांगितलं, मग वरच्या आळीत गेले. जिथं कधीकाळी त्यांची विहीर बंद झाली होती, त्या दारांसमोर उभं राहून, आवाज चढवून, "माही पोरगी. बी.ए. झाली." लोक बाहेर आले. कोणी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. विहारातला तो भरदार आवाज त्यांचा परत आला होता. मला वाटलं, झालं. आता येतील.

काकूनं चहा केला. बाबांनी चटणीचा डबा उघडला, वास घेतला आणि बंद करून कोनाड्यात ठेवला. संध्याकाळच्या बसला सोडायला आले. फाट्यावर आम्ही दोघंच.

"बाबा, चला ना घरी," मी म्हणाले.

ते रस्त्याकडे बघत होते. "ते ग्लास हायेत अजून?"

"हायेत."

"मायच धुते?"

"मायच धुते. मी पण."

त्यांनी मान हलवली. मी खोटं बोलले असते तर ते आले असते का, हे मला माहीत नाही. पण एवढं शिकून, त्या ग्लासांच्या जिवावर शिकून, ते नाहीत असं कसं म्हणायचं? बस आली. गर्दी होती. बाबांनी पिशवी वर दिली आणि कंडक्टरला दम भरला, "ओ भाऊ, ग्रॅज्युएट पोरगी हाये, जागा द्या तिले." लोक हसले, एका म्हातारीनं सरकून जागा दिली. मी खिडकीतून बाहेर पाहिलं तेव्हा ते निघालेही होते, बांधाबांधानं, मागं न बघता.

घरी पोचले तेव्हा माय दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं, रिकाम्या गल्लीत, अगदी टोकापर्यंत पाहिलं. आत वळता वळता म्हणाली, "हात धुऊन ये. पाणी तापलं हाये."